टाचेचं उत्तर

काचेपलीकडच्या खुर्चीत बसलेल्या एका पोराने घसा खाकरला आणि म्हणाला, "सर, मला परत यावंच लागेल. माझी आई मी लहान असताना गेली. मामांनी मला वाढवलं. मामांचा डावा पाय अधू आहे. त्यांच्या बुटाची टाच एकाच बाजूने झिजते आणि ती बदलून आणायचं काम माझं आहे. दुसऱ्या कुणाला ते नीट जमत नाही." एवढं बोलून पोरगा जिथे थांबायला हवं तिथे बरोबर थांबला, खाली पाहिलं, मग हळूच वर पाहिलं. काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसाने टेबलाखाली पसरलेला आपला डावा पाय मागे ओढून घेतला. आधी त्याला काही वाटलंच नाही. गर्दीत कुणी आपला खिसा चाचपून गेलं की घटकाभर काही कळत नाही, तसं झालं. मग कान तापले. समोरचा पोरगा चांगल्या घरचा, इस्त्रीच्या शर्टातला, दातांच्या डॉक्टरांचा मुलगा. त्याची आई कुठेही गेलेली नव्हती. ती प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे बाकावर मांडीत त्याची पाण्याची बाटली घेऊन बसली होती, आणि आपण मेल्याचं ऐकून बिचारी खोकलीसुद्धा नव्हती.

"मामा काय करतात?" त्याने विचारलं.

"ते..." पोरगा अडखळला. "ते बसून असतात, सर."

"कुठे?"

"खुर्चीत."

खुर्चीत तर तो होताच. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम करून घेणाऱ्या या क्लासात तो साहेब होता, म्हणजे खोटा साहेब. बंद पडलेल्या कुठल्याशा बँकेतून आणलेली काच, तिला बोलण्यासाठी गोल भोकं, खाली पासपोर्ट सरकवायला फट, आणि मागे तो. परदेशी शिकायला निघालेली पोरं समोर बसायची, पासपोर्ट म्हणून क्लासची निळी डायरी फटीतून आत सरकवायची आणि तो विचारायचा. उत्तर पटलं तर डायरी ड्रॉवरमध्ये, नाही पटलं तर फटीतून परत बाहेर. खऱ्या वकिलातीतही हीच रीत होती. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हातात परत दिला म्हणजे गेला. तो डायरी परतच करायचा. आधी आपल्या भाषेत उत्तर द्यायला लावायचा आणि ते पोटातून आलं तरच त्यांच्या भाषेत. मागच्या महिन्यापर्यंत तरी पहिल्या फेरीत त्याने कुणाला पास केल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पोरं पाठीमागे त्याला नकारसाहेब म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मार्क असतात, बँकेतली शिल्लक दाखवता येते, छातीचा एक्स-रे निघतो, दोन्ही कान दिसतील असा फोटोही काढून मिळतो. सगळं होतं आणि शेवटी घोडं अडतं ते एकाच प्रश्नावर, की शिकून झाल्यावर तुम्ही परत याल कशावरून? हा प्रश्न विचारण्यात त्याची हयात चालली होती. जायच्या आधीच परत यायची हमी मागणारा, वरून साधा आणि आतून लबाड असा हा प्रश्न, आणि त्याला द्यायची उत्तरंही तितकीच लबाड. ती तो घासूनपुसून द्यायचा. पण स्वतःचा पाय त्याने कुणाला दिला नव्हता.

"हे तुला कुणी सांगितलं?" तो 'तुम्ही' विसरला. काचेमागे बसल्यावर तो असं कधी विसरत नसे.

"मॅडमनी. शनिवारच्या बॅचमध्ये सगळ्यांना दिलंय. टाचेचं उत्तर." पोराचा चेहरा उजळला, आता त्याला खरं बोलायचं होतं आणि ते सोपं होतं. "पहिल्या फेरीत पास झालेलं एकमेव उत्तर आहे म्हणे. तुम्हीच केलंत ना सर पास? आमच्यातले बरेच जण आज सकाळी तेच घेऊन गेलेत वकिलातीत."

आज सकाळी. तो उठला. उठताना खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली. आज सकाळी त्याची भाचीही तिथेच गेली होती, केस घट्ट बांधून, फोन घरी ठेवून, कारण आत फोन नेऊ देत नाहीत. जाताना नेहमीसारखी वाकून त्याच्या बुटाची टाच अंगठ्याने दाबून पाहिली होती आणि म्हणाली होती, "आल्यावर बदलू. अजून आठवडाभर चालेल." तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती त्याच्या बाबतीत त्या टाचेतूनच निघाली आणि वर चढत गेली.

मॅडमच्या केबिनमध्ये पंखा कटकट वाजत होता. मॅडम म्हणजे क्लासच्या मालकीणबाई, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणाऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग? त्यात एवढं काय झालं?"

"ते माझ्या भाचीचं उत्तर आहे."

"उत्तर कुणाचं नसतं, सर. तुम्हीच शिकवता ना पोरांना, की उत्तर काम करतं की नाही एवढंच बघा म्हणून? पार्टिशनपलीकडे सगळी बॅच बसली होती. कुणीतरी फोनवर घेतलं, माझ्याकडे आलं, मला आवडलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"पण ते खरं आहे, मॅडम!"

"म्हणून तर चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या.

त्याला टेबल उलटं करावंसं वाटलं. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत लाल फूल असलेला, तो उचलून पंख्यात फेकावा असं वाटलं. त्याने यातलं काही केलं नाही. तो नुसता "तुम्हाला लाज वाटत नाही?" एवढंच म्हणाला, आणि तेही अशा आवाजात की पुढच्या बॅचचं वेळापत्रक विचारतोय असं बाहेरच्याला वाटावं. हा त्याचा जुना शाप होता. राग आला की आवाज बसायचा. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या हवं तर वकिलातीत. त्या पोराला मी घेते समोर." आणि त्या खरंच उठून काचेमागच्या खुर्चीकडे चालू लागल्या.

बस मिळाली, पण ती अशी रमतगमत चालली होती, जणू साऱ्या शहराला आज काही काम नव्हतं. तो दाराजवळच्या दांड्याला धरून उभा राहिला. एक म्हातारे गृहस्थ त्याच्या बुटाकडे बघून उठले आणि जागा देऊ लागले. तो नको म्हणाला, ते आग्रह करू लागले, तेव्हा त्याने रागाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. सगळ्या जगाला आज त्याच्याच पायाची पडली होती. आता या क्षणी पंधरावीस पोरं कुठल्याशा थंडगार दालनात रांगेत उभी राहून हा पाय मनातल्या मनात घोकत असतील. ज्यांचे मामा लग्नात अंगठी घालून मिरवतात, ज्यांचे मामा धडधाकट आहेत, ज्यांना मामाच नाहीत, अशा सगळ्यांनी मिळून त्याचा मामा केला होता. आणि त्या रांगेत कुठेतरी ती. तिला काय माहीत? ती आपली बिचारी खरं बोलायला निघालेली. खऱ्याच्या आधी त्याच खऱ्याच्या नकला खिडकीवर जाऊन पोचल्या, तर काचेमागच्या माणसाने काय करावं? त्याने स्वतः काय केलं असतं? त्याने डायरी परत केली असती. चेहऱ्यावरची रेषही न हलवता, फटीतून, दोन बोटांनी. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने दांडा घट्ट धरला आणि मनातल्या मनात वकिलातीतल्या त्या साहेबाला, ज्याला त्याने कधी पाहिलंही नव्हतं, एक सणसणीत शिवी दिली.

पाहिलं नव्हतं कसं? एकदा पाहिलं होतं, त्याच्या तरुणपणी. तो वेगळा साहेब, पण काच तीच. तेव्हा तो पुलांचं शास्त्र शिकायला निघाला होता. नदीवरचे, दरीवरचे, दोन टोकांना धरून मध्ये अधांतरी राहणारे पूल. त्या वयात त्याला पुलांशिवाय काही दिसत नसे, बहिणीच्या घरी जेवायला बसला तरी वाटीवर चमचे मांडून वजन कुठे जातं ते दाखवायचा, आणि बहीण म्हणायची, "पूल नंतर, आधी जेव." त्या साहेबाने त्याला विचारलं होतं, इथे तुमचं कोण आहे? आईवडील नव्हते, लग्न नव्हतं, भाड्याची खोली होती. तो म्हणाला होता, बहीण आहे. साहेब म्हणाला, ती तिच्या घरी आहे. पासपोर्ट फटीतून बाहेर आला. इथे बांधून ठेवणारं काही नाही, असं लिहिलं होतं कारणात. बांधून ठेवणारं! त्या एका शब्दावर तो महिनाभर फणफणत होता, जणू माणूस म्हणजे गोठ्यातलं जनावर. बहीण त्याला समजवायची, अरे परत अर्ज कर, पुढच्या वर्षी देतील. पुढच्या वर्षी बहीण गेली. आजार साधा म्हणता म्हणता हाताबाहेर गेला. मेहुण्याने वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला आणि त्या संसारात एका लहान मुलीला जागा निघेना. ती त्याच्या भाड्याच्या खोलीत आली, एक फ्रॉक अंगावर आणि एक पिशवीत. आता त्याला बांधून ठेवणारं होतं. आता साहेबाने विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, घसघशीत, कुणालाही पटेल असं. पण आता तो अर्ज करायला गेलाच नाही. या गोष्टीचा त्याला कधी राग आला नव्हता. निदान असं तो समजत आला होता.

तिला टाच पहिल्यांदा दिसली ती अगदी लहानपणी, जमिनीवर बसून खेळताना. लहान पोरांचं जग बुटांच्या उंचीवर असतं. "मामा, तुझा बूट एकीकडे रडतोय," ती म्हणाली होती. झिजलेली कड खाली ओघळल्यासारखी दिसायची, म्हणून रडतोय. मग तिने बोट धरून त्याला चांभाराकडे नेलं, आणि चांभाराने लावलेली टाच तिला पटली नाही, तेव्हा ती तिथेच हटून बसली आणि रबराचा तुकडा कुठे जाड हवा ते बोटाने दाखवू लागली. चांभार हसला, पण त्याने तसं केलं आणि त्या दिवसापासून मामाची कंबर दुखायची थांबली. पुढे तिला कुणी विचारलं की मोठी होऊन काय करणार, तर ती म्हणायची, टाचा. आता ती कृत्रिम पाय आणि आधाराचे बूट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. नखांत प्लास्टर घेऊन घरी यायची. त्या शास्त्राचं खरं शिक्षण परदेशातल्या एका विद्यापीठात मिळतं, तिथे तिला प्रवेश मिळाला होता, आणि या वर्षी ती पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे टाच हे तिचं परत यायचं कारण नव्हतंच. ते तिचं जायचं कारण होतं. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? आणि तरी त्या दिवशी...

त्या दिवसाचा विचार त्याने बसमध्ये दोनदा बाजूला सारला. तिसऱ्यांदा तो सरला नाही. मागच्या महिन्यात ती काचेपलीकडे बसली होती, "सर" म्हणत, ओठ दाबून हसू आवरत. त्याने विचारलं, परत याल कशावरून? ती म्हणाली, मी जिथे काम करते त्या कारखान्याने माझी जागा राखून ठेवली आहे. या कामात शिकलेली माणसं इथे नाहीत, मी आल्यावर नवा विभाग माझ्याकडे येईल. सरळ, मुद्देसूद, पुराव्यासकट. साहेब लोकांना हवं असतं तसं. दुसऱ्या कुणी हे दिलं असतं तर त्याने मनात टाळी दिली असती. त्याने डायरी परत केली. ती गोंधळली. मग म्हणाली, आमचं घर आहे इथे. परत केली. "मग काय सांगू, मामा?" ती वैतागली. "मामा नाही. सर." "सर, काय सांगू?" आणि त्याने भोकांतून, साहेबाच्या कोरड्या आवाजात विचारलं, "इथे तुमचं कोण आहे?" तेव्हा तिचं हसू गेलं. तिने काचेतून त्याच्याकडे असं पाहिलं, की चिडलेली होती की दुखावलेली, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. मग ती बोलली. आई, मामा, पाय, टाच. त्याने डायरी ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवर नेहमीसारखा अडकला, त्याने गुडघ्याने ढकलला. "नेक्स्ट," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. पार्टिशनपलीकडे एकदम चिडीचूप झालं होतं. त्याला वाटलं होतं पोरं भारावली. पोरं टिपून घेत होती.

वकिलातीसमोरच्या फुटपाथवर नेहमीची गर्दी होती. फाइली विकणारे, फोटो काढून देणारे, आत गेलेल्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेले नातेवाईक. फाटकावरच्या रखवालदाराला त्याने सांगून पाहिलं की आत एका मुलीला फक्त एक शब्द कळवायचा आहे. रखवालदार म्हणाला, "सगळ्यांना एकच शब्द कळवायचा असतो, साहेब." आज कोणीही त्याला साहेब म्हणत होतं. तो समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर येणाऱ्यांच्या तोंडाकडे इथे कुणी बघत नाही, हातांकडे बघतात. हात मोकळे असले की नातेवाईक धावतात. हातात पासपोर्ट असला की ते उगाच पिशव्या उचलू लागतात. क्लासची पोरं बाहेर येऊ लागली. पहिल्याच्या हातात पासपोर्ट. दुसरीच्या हातात पासपोर्ट. जाड चष्म्याच्या एका मुलीने त्याला ओळखलं आणि ती सरळ त्याच्यासमोर येऊन रडू लागली.

"साहेब हसला, सर. म्हणाला, तुमच्या या शहरातल्या सगळ्या मामांचे बूट एकाच बाजूने झिजतात का? शेजारच्या खिडकीतल्या बाईंना बोलावून सांगितलं त्याने. त्याही हसल्या."

"तुला मामा आहे?" त्याने विचारलं.

"दोन आहेत," ती हुंदके देत म्हणाली. "पण त्यांचं आणि आमचं बोलणं नाही."

तिच्यावर ओरडावं असं वाटलं होतं, पण तिच्या हातातला पासपोर्ट इतका नवा कोरा होता की नुसता चीड आणत होता. कुणावर? तो एकेकाला समोर उभा करून बघत होता. मॅडम, मॅडमचं काय, त्या दुकान चालवत होत्या. पोरं, पोरांना पोपट कुणी केलं? आत बसलेला तो साहेब, हसणारा. हो, त्याच्यावर. माणसाला आधी खोटं बोलायला भाग पाडायचं आणि मग ते एकसारखं निघालं म्हणून हसायचं. येणार कशावरून, म्हणे! पोटच्या पोराने संध्याकाळी घरी यायची हमी कुणी देतं का? तो भिंतीला टेकून पुटपुटत होता आणि फोटोवाला त्याच्याकडे बघत होता.

ती बाहेर आली तेव्हा त्याने आधी हातांकडेच पाहिलं. मग पुढे पाहायची गरज उरली नाही. तिने त्याला पाहिलं, तू इथे कसा असं विचारलं नाही, सरळ बसच्या थांब्याकडे चालू लागली. तो मागून चालला. ती नेहमी त्याच्या चालीने चालायची, लहानपणापासून. आज तिने मागे वळून पाहिलं नाही आणि त्याला धापा टाकत तिला गाठावं लागलं. बस आली, दोघं चढली, शेजारी बसली.

"माझ्या आधीच्या मुलाने तुझी टाच सांगितली," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला वाटलं मला भास होतोय. मग पलीकडच्या खिडकीवर एक मुलगी. तीच टाच."

"क्लासमध्ये पसरलं ते. मला आज कळलं. मी धावत..."

"माझी पाळी आली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. साहेबानेच विचारलं, तुम्हालाही मामा आहेत का?"

"मग? मी सांगितलं होतं ना तुला, गडबड वाटली तर कारखान्याचं उत्तर द्यायचं!"

"आठवत होतं."

"मग काय म्हणालीस?"

"आहेत म्हटलं."

"नाही म्हणायचंस!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा रागात त्याचा आवाज बसला नाही. बसमधले सगळे वळून बघू लागले. "एवढंच करायचं होतं ना? नाही म्हणायचं! दोन अक्षरं!"

"तुला? तुला नाही म्हणायचं?" तिचाही आवाज चढला. "मी त्याला म्हटलं, आहेत, खरंच आहेत, क्लासमध्ये बसलेत, फोन करा, बोलावून घ्या, बूट काढून बघा त्यांचा! मी काचेवर हात आपटला, मामा. रखवालदार आला. साहेबाने पासपोर्ट बाहेर सरकवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता."

त्यालाही राग आला होता आणि आता तो तिचा होता. बाकीच्यांवर रागावणं सोपं होतं. ही एवढी शहाणी मुलगी, हिने एक शब्द गिळला असता तर पुढच्या महिन्यात विमानात बसली असती. पण हिला तिथे, त्या काचेसमोर, मामा खरा ठरवायचा होता. कुणी सांगितलं होतं? कुणी मागितलं होतं तिच्याकडे? आणि इथवर आल्यावर राग अडला, कारण मागणारा तोच होता. साहेबाचा आवाज काढून, काचेआड बसून, दोन चांगली उत्तरं परत करून त्याने ते मागून घेतलं होतं. बस वळणावर कलली आणि तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. तिने तो लगेच काढून घेतला.

घराचा थांबा आला तेव्हा ती उठली नाही. क्लासच्या थांब्यावर उतरली. तो काही विचारायच्या आत ती जिना चढून वर गेली होती. दुपारची बॅच पार्टिशनपलीकडे बाकांवर बसली होती. तिला बघून कुजबुज झाली. मॅडम केबिनच्या दारात आल्या, तिच्या हाताकडे बघितलं आणि "अरेरे" म्हणाल्या. ती सरळ काचेसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. तो आपल्या जागेवर गेला, कारण तिच्या समोर बसायला दुसरी जागाच नव्हती. काचेवर भोकांभोवती दिवसभराच्या श्वासांचा धुरकट डाग होता.

"त्या दिवशी कारखान्याचं उत्तर का परत केलंस?" तिने विचारलं. "ते वाईट होतं?"

"नाही."

"मग?"

त्याने डावा पाय टेबलाखाली पसरला. काचेमागे बसून त्याने किती पोरांना सांगितलं होतं की खोटं बोलायचं असेल तर डोळ्याला डोळा द्या आणि खरं बोलायचं असेल तर पटकन बोलून टाका. त्याने पटकन बोलून टाकलं. "ऐकायचं होतं मला. तू माझ्यासाठी येशील असं. एकदा ऐकायचं होतं."

तिच्या जबड्याची हालचाल तेवढी दिसत होती. रडू आवरताना तिची आई असंच करायची. मग तिने बाजूला पडलेली निळी डायरी उचलली, फटीतून आत सरकवली आणि ताठ बसली.

"विचारा, सर."

"आज नको, बाळ."

"विचारा. पुन्हा अर्ज करता येतो ना? जागा जायच्या आत एक तारीख मिळेल. विचारा."

त्याने घसा साफ केला. "शिकून झाल्यावर तुम्ही परत याल कशावरून?"

"नाही येणार," ती म्हणाली. हळू नाही, चांगल्या खणखणीत आवाजात. "गेले तर परत येणार नाही, सर. टाच तुमची तुम्ही बदलून घ्या."

काचेतून खोटं ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. हे रागाने आलं होतं की खरंच तसं होतं, त्याला काही केल्या कळेना. त्याला एवढंच कळलं की हे ऐकून छातीत भयंकर दुखलं, आणि तरी हेच तिला कुणीतरी फार पूर्वी बोलू द्यायला हवं होतं. जायचं असलेल्या माणसाने जातो म्हणावं, एवढंच. त्याने डायरी हातात घेतली. दोन बोटं सवयीने फटीकडे गेली. मग त्याने ती ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवर अडकला, त्याने गुडघ्याने जोर लावून बंद केला आणि मान वर केली. ती ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

पार्टिशनपलीकडे चिडीचूप झालं होतं. मग एक पान उलटल्याचा आवाज आला, मग दुसरं, आणि पेनं चालू लागली.

"खोडा ते!" तो उठून काचेवर मूठ आपटत ओरडला. "लिहू नका! खोडा! ते तिचं आहे!"

"सावकाश, सर," केबिनमधून मॅडमचा आवाज आला. "पोरांना लिहून घेऊ द्या."